मान खाली घालून उमलणारा गुलाब

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी गुलाब दाखवला.

मी वरणगावहून पहाटेची निघालेली, धुळ्याच्या स्टँडवरून देवपुरापर्यंत ट्रंक सांभाळत आलेली, घशाला कोरड पडलेली. टेलिफोन खात्यातली नवी नोकरी, नवं गाव आणि राहायला जागा नाही, म्हणून डोकं आधीच तापलेलं. हे गृहस्थ मला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तीन पावलं अलीकडे त्यांनी वहाणा काढल्या, मलाही काढायला लावल्या आणि म्हणाले, "ही इथली जुनी राहणारी. हिला तुम्ही चालल्या पाहिजेत. मग खोलीचं बघू."

समोर कमरेएवढं एक झुडूप होतं. नवी पालवी तांबूस, चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखी. बाकी काही नाही.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"गुलाब. टी-रोज."

"मग फूल कुठाय?"

हा प्रश्न त्या घरात विचारायचा नसतो, हे मला काय माहीत! आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पोर कवयनी उभी शे, तिले पानी तं द्या पहिले!" त्या आवाजावरच मी ती खोली घ्यायचं ठरवलं. गुलाबाचं मत काय पडलं, ते मला अजून कळलेलं नाही.

गल्ली त्यांना नाना म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. नाना उंच, हडकुळे. पांढरा लेंगा, वर बंडी, बंडीच्या खिशात कायम सुतळीचा गुंडा. जळगावच्या एका जिनिंगमध्ये उभा जन्म त्यांनी कापसाची प्रत ठरवली होती. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरायचा, ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा आणि धागा किती लांब ते सांगायचं. तेही डोळे मिटून. "डोळा फसतो. हाताला कळतं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. भरताचं वांगं, पावसाचं वारं, नवा जावई, सगळं त्यांच्या हाताला कळायचं. एकदा माझ्या नव्या साडीचा पदर चिमटीत धरून म्हणाले, "धुतल्यावर वीतभर आटेल." मला राग आला. साडी आटली तेव्हा तर फारच आला.

माझ्या खोलीची खिडकी त्या कोपऱ्यावर उघडायची, त्यामुळे सगळे नियम मलाच आधी लागू झाले. कोपऱ्याजवळ मोठ्याने बोलायचं नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की खिडकी लावून घ्यायची. "रोज कुठे तरी बुडालेलं, मेलेलं ऐकून कोण उमलेल?" नाना विचारायचे. मिरचीची फोडणी तर घरात बंदच. आता खान्देशात राहून मिरचीची फोडणी नाही म्हणजे मग माणसाने खायचं काय? अक्का मागच्या दारी चूल मांडून शेवभाजीला फोडणी द्यायच्या आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "मनी सवत शे ती. पन सवत बी कव्हय तरी हासस ना!"

या गुलाबाला चहाचा वास येतो म्हणे. शेजारच्या बायकांनी ते ऐकलं आणि उरलेला चहाचा चोथा प्रेमाने आणून द्यायला लागल्या. नानांनी सगळ्यांना परत पाठवलं. "तिचाच वास तिलाच पाजता? तुम्हाला कोणी तुमचा घाम पाजला तर?" त्यानंतर त्या बायका नानांच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावून हसत.

अंगणात आणखी दहा-बारा गुलाब होते. तांबडे, पिवळे, एक पांढरा. ते बिचारे वेळच्या वेळी फुलायचे आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. ऑक्टोबरात नाना त्यांची गुडघ्याएवढी छाटणी करायचे, निर्दयपणे. टी-रोजला मात्र कात्री लागायची नाही. इतकंच काय, इतरांना छाटताना नाना त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायचे. मला वाटायचं, वेड आहे. वेडाला कारण असतं हे त्या वयात ठाऊक नसतं.

थंडी पडली की त्या झाडाला पाच-सहा कळ्या यायच्या. लांबट, सायीच्या रंगाच्या, टोकाला किंचित गुलाबी. चार दिवस नाना हवेत. मग कळीची मान कलायची, कडा तपकिरी व्हायच्या आणि ती न उघडताच गळून पडायची. अशा कळीला ते 'मुकी' म्हणायचे. मुकी पडली त्या दिवशी आपण जेवत नाही, असं नाना सांगायचे. भाकरी खातात, फक्त भाजी घेत नाहीत, असं अक्का सांगायच्या.

या सगळ्याचं मूळ अक्कांनीच मला सांगितलं. मागच्या अंगणात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होत्या, मी मिरच्या खुडत होते, आणि नाना दूध आणायला गेले होते.

जळगावला पिंप्राळ्याकडे नानांचे एक मित्र राहत. त्याच जिनिंगमध्ये फिटर होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या अंगणात टी-रोजचं एक जुनं झाड होतं. भाऊंच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, नव्या नवरीपणात दोंडाईच्याच्या माहेराहून त्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. वाढून ते भिंतीएवढं झालं होतं. नाना नोकरी संपवून धुळ्याला आले तरी दर ऑक्टोबरात भाऊंकडे जात आणि त्यांचे बाकीचे गुलाब छाटून देत. वहिनी दर वर्षी बजावत, "भाऊजी, माझ्या झाडाला हात नका लावू. त्याला कात्री सोसत नाही."

एका वर्षी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. भाऊ कामावर. नानांनी झाडाकडे बघितलं. वेडंवाकडं वाढलेलं, आत सुकलेल्या काड्यांचं जाळं. हाताला कळलं! वहिनी परत येतील आणि झाड कसं भरगच्च फुटलेलं बघतील, या आनंदात त्यांनी ते इतर गुलाबांसारखं गुडघ्याएवढं छाटून टाकलं. निघताना सवयीने त्यातल्या चार काड्या फडक्यात बांधून घेतल्या.

दिवाळीनंतर मोठ्या हौसेने बघायला गेले, तर बुंध्याला एकही डोळा फुटलेला नव्हता. लाकूड काळं पडलं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. भाऊंनी एवढंच विचारलं, "चहा घेणार?" नाना चहा न घेता निघाले, ते त्या घरी पुन्हा गेलेच नाहीत. जळगावचं कोणी भेटलं तरी वाट बदलायचे. धुळ्याला मात्र त्या चार काड्यांपैकी एकीने जीव धरला होता. तीच ही.

"आते हाई फुलनं म्हंजे त्या फूल लिसन वहिनीकडे जातीन, माफी मांगतीन," अक्का वांगं उलटत म्हणाल्या. "तीन वरीस व्हई गयात. फूलना आड दडी बसनात, दुसरं काय!"

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या आईचं मत, आणि ते चूक नाही. त्याच संध्याकाळी मी नानांना विचारलं, "मग असेच जा ना. फूल कशाला पाहिजे?"

ते रागावले नाहीत. "नुसती पानं दाखवू? पानं काय, बाभळीलाही असतात. फूल बघितल्याशिवाय वहिनींना पटेल का, त्यांचंच झाड आहे म्हणून? मी त्यांचं माहेर तोडलंय, बाई. ते हातात घेऊनच जायला पाहिजे."

त्यानंतर मी त्या झाडाला नावं ठेवणं सोडलं. कळी आली की मीही बघायला लागले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली असताना, ट्रंक कॉलच्या गजबजाटात, मध्येच मनात यायचं, आज उघडली असेल का?

धुळ्याचे उन्हाळे मला आठवतात ते या झाडामुळेच. माझी सकाळपाळी असायची. दुपारी घरी यायचे तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, डांबर चपलेला चिकटायचं. अंगणात मात्र नानांनी वेगळंच गाव वसवलेलं असायचं. झाडाभोवती चारी बाजूंनी ओली बारदानं, वर केळीची पानं, आणि माठाचं थंड पाणी झाडाला. आम्हाला नळाचं. बारदानातून पाणी थेंबथेंब ठिबकत राहायचं. खिडकीपाशी फरशीवर आडवं पडलं की ओल्या तागाचा, मातीचा आणि केळीच्या पानांचा वास आत यायचा. पलीकडे नाना खाटेवर बसून हलक्या आवाजात झाडाशी काही तरी बोलत असायचे. शब्द कळायचे नाहीत. जळगाव, जिनिंग, वहिनी, असं मध्येच एखादं नाव यायचं. झोप आणि जाग यांच्या मध्ये मला वाटायचं, की बाहेर ऊनच नाही, पांझरा नदीला भरपूर पाणी आहे आणि हे दोघं नावेत बसून चालले आहेत. चार वाजता अक्का भांडी आपटायला लागायच्या आणि धुळं पुन्हा धुळं व्हायचं.

मी तिथे राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात, पोस्टमन एक कार्ड टाकून गेला. कोपरा फाडलेलं. तसलं कार्ड वाचावं लागत नाही, कोण गेलं एवढंच बघायचं असतं. वहिनी गेल्या होत्या.

नाना कार्ड घेऊन झाडापाशी जाऊन बसले. अक्कांनी पेटीतून पांढरं लुगडं काढलं, पिशवी भरली आणि उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे माणूस गेलं की दारावर जावंच लागतं. वैर असलं तरी जातात, बसतात आणि उठून येतात.

"चला," अक्का म्हणाल्या.

"कोणत्या तोंडाने जाऊ? त्यांचं झाड मी मारलं. त्यानंतर त्या माझ्याशी शब्द बोलल्या नाहीत. आता रिकामे हात घेऊन त्यांच्या दारात बसू?"

"बठ्ठा लोक रिकामा हातेच जातस तठे!"

नाना हलले नाहीत. मी म्हटलं, अक्का, तुम्ही तरी जाऊन या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एकटी गयी तं काय सांगू? मना धनी गुलाबजवय बसेल शे, आसं?" मग आत गेल्या आणि भरलेली पिशवी पुन्हा रिकामी केली. लुगड्याची घडी घालताना त्या रडल्या, आणि नवऱ्याचा इतका राग त्यांना आलेला मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिला नाही. मलाही आला होता. मी चार दिवस नानांशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी मीच बोलले, कारण न बोलणं मला जमत नाही. भाऊंच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, नंबर मी शोधून काढला होता. "नाना, ड्यूटीवर असताना मी लाइन जोडून देते. दोन शब्द बोला."

"फोनवर फूल दिसतं का?"

"भाऊंचा आवाज तर ऐकू येतो."

"तोच तर नको," नाना म्हणाले.

हे मात्र खरं बोलले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसंच होतं ते. मग आपणहून म्हणाले, "आता तर फूल न्यायलाच पाहिजे. पूर्वी एक चूक होती, आता दोन झाल्या." मला तेव्हाच म्हणायचं होतं, की नाना, फुलाची वाट बघत बसाल तर तीन होतील. म्हटलं नाही. तेवढ्या एका वेळी मी तोंड आवरलं आणि तेच नेमकं चुकलं.

आणखी दीड वर्ष गेलं. खत बदललं, माती बदलली, सरकीची पेंड भिजवून घातली. एका हिवाळ्यात तर नानांनी थंडी लागू नये म्हणून झाडाला माझी जुनी शाल पांघरली. कळ्या मुक्याच. शाल मात्र गेली.

मग माघात नानांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्या काळी त्याचं फार पथ्य असायचं. डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्यावरून पाणी नाही, आणि दीड महिना खाली वाकायचं नाही. वाकायचंच नाही म्हटल्यावर झाडाचं कोण करणार? नाना ओसरीवरच्या खाटेवरून सूचना द्यायचे. अक्का "हाव, हाव" म्हणायच्या आणि करायच्या काहीच नाहीत. उलट झाडाच्या सावलीची सगळी बारदानं त्यांनी काढून टाकली, कारण त्या कोपऱ्यात त्यांना बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवायला ऊन हवं होतं. पाणी आठवण झाली तर एखादा तांब्या. खत नाही, बोलणं नाही. अक्का तिथे बसून शेजारणींशी मोठमोठ्याने गप्पा मारत ज्वारीचे बिबडे थापायच्या, आणि माझ्या खिडकीतला रेडिओ दिवसभर बातम्या द्यायचा.

एका सकाळी मी ड्यूटीवर निघाले होते. नाना खाटेवर उशीला टेकून बसले होते. एक डोळा पट्टीखाली, दुसरा मिटलेला. अचानक म्हणाले, "चहाची पेटी कोणी उघडली?"

"कोनीच नही," अक्का आतून म्हणाल्या.

"मग वास कुठून येतोय?"

मी कोपऱ्याकडे बघितलं. बिबड्यांच्या पलीकडे, पानांच्या आड, एक फूल पूर्ण उमललं होतं. मला एकदम ओरडावंसं वाटलं. पण त्या घराची सवय अशी, की मी हळू आवाजातच म्हटलं, "नाना, आलंय."

ते उठून आले. भिंत धरून, अनवाणी. पण टी-रोजची मानच नाजूक. फूल उमललं की खाली झुकतं, जमिनीकडे बघतं. त्याचं तोंड बघायचं तर माणसाने खाली वाकायला पाहिजे. आणि वाकायला डॉक्टरांची बंदी. नाना क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "आडवं व्हायला तर बंदी नाही ना?" आम्ही दोघींनी धरून त्यांना हळूच बसवलं, मग निजवलं. अंगणाच्या मातीत, बिबड्यांच्या रांगेशेजारी, ते उताणे पडले आणि एका डोळ्याने वर बघायला लागले.

मी पण शेजारी जाऊन पडले. ड्यूटीची साडी, केसांत माती, सगळं गेलं खड्ड्यात. खालून बघितलं तर पाकळ्यांमधून ऊन गाळून येत होतं. कडा सायीच्या, आत जाता जाता पिवळसर, आणि अगदी मध्ये पिकल्या जर्दाळूचा रंग. वाऱ्याने ते हळूहळू हलत होतं. तो वास, ते कोवळं ऊन, पाठीखालची गार माती. किती वेळ पडलो होतो, मला सांगता येणार नाही. त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये माझा लेट मार्क लागला, एवढं नक्की. अक्का पण येऊन बसल्या. थोड्या वेळाने नवऱ्याच्या कपाळावरची माती पुसत म्हणाल्या, "दखा, मी बारदान काढं म्हनीसन फुलनी ती." नानांनी वाद घातला नाही. त्यांचा उघडा डोळा भरून वाहत होता.

ते फूल त्यांनी तोडलं नाही. दुसरी कळी धरली होती. पट्टी सुटून काळा चष्मा आला त्या आठवड्यात ती अर्धी उघडली. शनिवारी मी जळगाववरून वरणगावला घरी जाणार होते. अक्कांनी मला बाजूला घेतलं. "संगे लई जाय. याना पहिले दोनदा गयतात. पारोळा उना का पाय थंडा पडतस, आन परत येतस." ही बातमी मला नवी होती. काही न नेता, फूल नसताना, दोनदा ते पारोळ्यापर्यंत जाऊन उतरले होते.

केळीच्या खांबाचं एक ओलं सोपट सोलून घेऊन नानांनी त्यात फूल उभं गुंडाळलं, भोवती भिजवलेला कापूस. एसटीत खिडकीच्या बाजूला मी, मध्ये ते सोपट, पलीकडे काळा चष्मा लावलेले नाना. पारोळा आलं तेव्हा मी त्यांच्या बंडीचं टोक मुठीत धरून ठेवलं. गाडी सुटली. जिंकले, असं वाटलं.

पण टी-रोजला कात्री सोसत नाही तशी एसटीही सोसत नाही. एरंडोलच्या अलीकडे खड्डे लागले. एका गचक्याला पहिली पाकळी पडली. मग दोन. नाना प्रत्येक पाकळी मांडीवरून उचलून रुमालात ठेवत होते. एरंडोलच्या स्टँडवर गाडी उभी राहिली तेव्हा सोपटात नुसता देठ उरला होता.

"उतरतो मी," नाना म्हणाले. "तिसरी कळी आहे. तिच्या वेळी जाऊ. रेल्वेने जाऊ."

मग मात्र माझा तोल गेला. भरल्या गाडीत मी ओरडले, "तिसरी, चौथी, पाचवी! वहिनी गेल्या तरी तुमच्या कळ्या संपत नाहीत! फूल-बील काही नाही नाना, तुम्हाला भीती वाटते भाऊंची. उतरायचं तर उतरा, पण मग मी तुमच्या घरात राहणार नाही. आजच ट्रंक उचलते."

सगळी गाडी आमच्याकडे बघायला लागली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसा. पोरगी लई तापेल शे." नाना बसले. जळगाव येईपर्यंत रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होते. मला ओरडल्याचं वाईट वाटत होतं आणि वाटतही नव्हतं.

पिंप्राळ्याकडे रिक्षा वळली. भाऊंचं घर नानांना सांगावं लागलं नाही, मलाच आधी दिसलं. कुंपणाची भिंत होती, आणि भिंतीवरून रस्त्याच्या बाजूला एक झाड ओसंडून आलं होतं. सायीच्या रंगाची फुलं, तीस-चाळीस तरी असतील, सगळी माना खाली घालून. खाली रस्त्यावर पाकळ्यांचा सडा. एक शेळी निवांत उभी राहून त्या खात होती.

नानांनी चष्मा काढला. बघितलं. मला वाटलं आता त्यांना आनंद होईल. पण त्यांचा चेहरा बघून मी घाबरले. फाटकाला धरून ते उभे राहिले आणि पुटपुटले, "जिवत शे."

भाऊ बाहेर आले. ठेंगणे, टक्कल पडलेले, खांद्यावर पंचा.

"हे जगलं?" नाना म्हणाले.

"वर्षभर काळं लाकूड होतं. मी उपटणार होतो. ही म्हणाली, राहू द्या, रुसलंय. दुसऱ्या पावसात बुडातून फुटवा आला." भाऊंचा आवाज शांत होता. "मी काही केलं नाही त्याला. पाणीसुद्धा आठवण आली तर."

"मला कळवलं नाहीस."

"ही म्हणत होती, भाऊजींना पत्र टाका. मीच नाही टाकलं. म्हटलं, झाड मेलं म्हणून जो येत नाही, तो झाड जगलं म्हणून कशाला यायला पाहिजे?"

नानांनी रुमाल पुढे केला. गाठ सोडली. पाकळ्या कडेने काळवंडल्या होत्या. "त्याच झाडाची काडी आहे. मी लावली होती. वहिनींना दाखवायची होती. फूल येईना, म्हणून..."

भाऊंनी पाकळ्यांकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"झाडासाठी तुझ्यावर राग नव्हताच, नाना. तेव्हाही नव्हतं. ही गेली तेव्हा मी दहा दिवस या फाटकाकडे तोंड करून बसलो होतो. सगळं गाव येऊन गेलं."

एवढंच बोलले. नाना पुढे गेले आणि ओसरीवर, दाराच्या उजव्या अंगाला, जमिनीवर बसले. खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं. दारावर आलेली माणसं बसतात तसे. समोर वहिनींचा फोटो होता. भाऊंनी कळशीतून पाणी आणून ठेवलं. नानांनी ओठाला लावलं नाही, कारण अशा वेळी लावत नाहीत. भाऊ समोर बसले. मी फाटकापाशीच उभी राहिले. शेळीला हाकलावं की नाही, ते मला कळत नव्हतं. झाडावरून मधूनच एखादी पाकळी खाली यायची. फाल्गुनाचं ऊन होतं, आणि सगळीकडे तो चहाचा वास.

बऱ्याच वेळाने नाना उठले. रुमालातल्या पाकळ्या त्यांनी फोटोसमोर ठेवल्या. उपरणं खांद्यावर घेतलं आणि कोणाकडे न बघता पायऱ्या उतरले. दारावर जाऊन उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. अशा कामासाठी त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. घरचेही 'या' म्हणत नाहीत. दीड वर्ष उशिरा का होईना, नानांनी सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. ते तसेच मुकाट्याने फाटकापर्यंत आले. मला वाटलं, झालं, संपलं हे.

मागून भाऊंचा आवाज आला. ते ओसरीच्या खांबाला धरून उभे होते.

"नाना, येतो म्हण."

नाना थांबले. मागे वळले नाहीत.

"येतो म्हण, नाना. मी एकटाच असतो आता."

"येतो," नाना म्हणाले, आणि फाटकाची कडी हातात धरून तिथेच उभे राहिले. मी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांना तिथेच ठेवून वरणगावची गाडी एकटीनेच पकडली.